कोर्ट-तुरुंगावर संशोधन: सोलापुरात राहून जमतं का?

जुळे_सोलापूर: एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे. जामीन, खटले, कैदी यांवर संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, त्यापेक्षा पीएसआयची तयारी कर. यात नोकरी असते तरी कुठं?

पार्क_चौक: पीएसआयची जाहिरात तरी निघते. रिसर्चरची कधी पाहिलीस का? घरच्यांचं ऐक.

रोजनामावाली: निघते ओ, पेपरात येत नाही एवढंच. मी प्रोजेक्टवर काम करते. प्रोजेक्ट संपला की पुढचा शोधायचा, हे घरी आधीच सांगून ठेव. प्राध्यापकी हवी असेल तर नेट या पात्रता परीक्षेत क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) हा वेगळा विषय आहे. मुंबईच्या 'टिस'चा (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा) 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय, तिथलं काम बघून ये.

काम मात्र सीरियलसारखं नाही. दिवसभर रोजनामे, म्हणजे कोर्टात त्या तारखेला काय झालं त्याच्या नोंदी, वाचायचे. 'आरोपी हजर नाही, गार्ड उपलब्ध नाही.' म्हणजे कैद्याला आणायला पोलीस नाहीत, म्हणून पुढची तारीख. जामीन मंजूर, तरी माणूस आतच, कारण जामीनदार मिळेना. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात देशातले सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, होते. ते का अडकले, हे त्या तक्त्यात नाही, रोजनाम्यात सापडतं.

आणि सोलापूर सोडायची घाई कशाला? आख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टच्या (पहिला १८७१ चा) जोरावर ज्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं, त्यांचं सेटलमेंट (वसाहत) इथंच. कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पारध्यांसारख्या या जमातींवरचा संशय गेला नाही. आता जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघ. आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं; फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. पण एकाहून जास्त केसेस चालू असतील तर ही सवलत नाही. मग एखाद्या पारध्याच्या पोरावर एकापाठोपाठ केसेस लागल्या की तो या सवलतीतून आपोआप गळतो. असे किती गळतात, ते इथल्याच कोर्टात बसून मोज. पीएचडीचा विषय फुकट देतेय बघ!

जुळे_सोलापूर: ताई, पण हे कागद मला कोण दाखवणार?

रोजनामावाली: ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर केस नंबर टाकला की तारखा आणि बरेचसे आदेश दिसतात. तुरुंगात जायला तुरुंग विभागाची लेखी परवानगी लागते, तिला वेळ लागतो. तोवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज टाक. आणि वहीत आरोपींची खरी नावं लिहायची नाहीत, पहिल्या दिवसापासून.

पार्क_चौक: पगाराचा आकडा कुणी सांगेना अजून.

रोजनामावाली: पीएसआयपेक्षा कमी, दादा.