१६ ओहमच्या जागी ८ ओहमचा स्पीकर चालेल का? (२×१२ कॅबिनेट, ट्यूब हेड)

रामबाग_गिटार
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आमच्या ग्रुपच्या २×१२ कॅबिनेटमधला (१२ इंची दोन स्पीकरचा बॉक्स) एक स्पीकर गेला, आधी फाटल्यासारखा आवाज यायला लागला आणि मग एकदम बंदच. हेड, म्हणजे वेगळा अॅम्प, ट्यूबचं, ५० वॉटचं, मागे ४-८-१६ चा स्विच आहे तो पहिल्यापासून ८ वर, कॅबिनेटच्या जॅकपाशी पण ८ ओहम लिहिलंय. स्पीकरवरचे कागद कधीच उडालेत. वायरी काढून मल्टीमीटर लावला तर चांगला स्पीकर १२.६ दाखवतो, गेलेला काहीच नाही. जेल रोडला दुकानदार म्हणतो १२ इंची ८ ओहमचा घेऊन जा, वॉट जास्त आहेत, आरामात चालेल. पण १२.६ हा काय आकडा झाला, ८ पण नाही नि १६ पण नाही? गणपतीत कार्यक्रम आहे, हेडला काही व्हायला नको, ट्रान्सफॉर्मर जळला तर तो इथे मिळणार नाही.

सोल्डरवाले_काका
तुझा स्पीकर १६ ओहमचाच आहे, पक्का. मल्टीमीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो, इम्पीडन्स (वाजताना अॅम्पला दिसणारा एकूण विरोध) नाही, आणि तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा नेहमी कमीच येतो. ८ वाला साधारण ६ ते ७ दाखवेल, १६ वाला १२-१३, ४ वाला ३ च्या वर. खरा इम्पीडन्स तर सुराप्रमाणे बदलत राहतो, खालच्या रेझोनन्सला कितीतरी वर जातो, स्पीकरवर लिहितात तो एक ठरवलेला आकडा. म्हणजे तुझ्याकडे १६ चे दोन, पॅरललमध्ये, म्हणून बाहेर ८. सगळं जुळतंय.

आता ८ चा लावलास तर १६ आणि ८ पॅरललमध्ये ५.३ होतात. स्विचवर ५.३ नाही, सगळ्यात जवळ ४, पण खरी दिक्कत तिथे नाहीच. दोघांवर व्होल्टेज सारखं, त्यामुळे ८ वाला १६ वाल्याच्या दुप्पट पॉवर ओढणार, ५० वॉटमधले ३३ त्याला आणि १७ जुन्याला. एक बाजू ओरडणार, दुसरी मागे राहणार. दुकानदार वॉटचं सांगतोय, वॉट म्हणजे स्पीकर किती सहन करेल ते, अॅम्पला काय दिसणार ते ओहम ठरवतात. दोन्ही वेगळं बघावं लागतं. तेव्हा एक तर १६ चाच शोध, नाहीतर दोन्ही ८ चे घाल, पॅरलल केलेस तर स्विच ४ वर, सिरीजमध्ये १६ वर, आणि जॅकपाशी नवा आकडा लिहून ठेव, पुढच्या माणसाला कळायला हवं.

छप्पन_बास
एवढं टेन्शन नका घेऊ भिया, ओहम जास्त असले की अॅम्प सेफच असतो. माझा ४ ओहमचा अॅम्प कायम ८ च्या बॉक्सवर चालतो, आवाज थोडा कमी एवढंच.

सोल्डरवाले_काका
@छप्पन_बास तुमचा ट्रान्झिस्टरवाला असणार, त्याला तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर, तिथे ओहम लिहिल्यापेक्षा खाली गेले की करंट वाढून आउटपुट गरम होतं, वर गेले तर पॉवर घटते इतकंच. ट्यूबला मात्र हा नियम लावू नका. तिथे मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, लोड फार वर गेला की प्रायमरीवर व्होल्टेजचे झटके येतात आणि स्पीकर अजिबात नसला तर सगळ्यात वाईट, सॉकेटवर ठिणगी नाहीतर वाइंडिंगच जातं. अर्धा-दुप्पट फरक बरेच हेड थोडा वेळ झेलतात पण त्या भरवशावर पूर्ण कार्यक्रम काढायचा नाही.

महाराणी_रोड_रिपेअर
नवा घ्यायच्या आधी गेलेला नीट बघा. कोनपासून टर्मिनलला जी गुंफलेली मऊ वायर येते ती बरेचदा टर्मिनलच्या तोंडाशीच तुटते, तेव्हाही मीटर काहीच दाखवत नाही, आणि ते काम फक्त सोल्डरचं. मग कोन दोन्ही हातांच्या बोटांनी चारी बाजूंनी सारखा दाबून आत-बाहेर करा, खरखर लागली किंवा अडकला तर कॉइल जळून फुगलीये.

जळली असेल तर रिकोन करा, म्हणजे जुन्याच फ्रेममध्ये नवा कोन आणि कॉइल, पण दुकानात १६ ची कॉइल हवी म्हणून स्पष्ट सांगा. पीएच्या (कार्यक्रमाच्या लाउडस्पीकरच्या) कामात ८ आणि ४ चाच माल चालतो, न सांगता तीच बसवून देतात. कोन पण गिटारचा हलका, कागदी कडेचा हवा, पीएचा जड कोन घातला तर स्पीकर चालेल पण चावरा मिड जाईल, ज्यासाठी हे कॅबिनेट ठेवलंय. पैसे द्यायच्या आधी तिथेच मीटर लावा, १२ च्या पुढे आला तरच घ्या.

आणि स्पीकर कशामुळे गेला तेही बघा. स्पीकर २५ वॉटचे असतील, जुन्या ग्रीनबॅक गिटार-स्पीकरसारखे, तर दोन मिळून कागदावर ५० होतात, पण ५० चं ट्यूब हेड पूर्ण खोलून वाजवलं की डिस्टॉर्शनमध्ये त्याच्याही वर देतं. मग आज हा गेला तर उद्या दुसरा.

रामबाग_गिटार
खूप आभार दोघांचे. उघडून बघितलं, वायर ठीक आहे, खरखर आहे, म्हणजे कॉइलच. १६ च्या कॉइलचं बोलून आलो, आठवडा लागेल म्हणतात. तोवर रियाज कसा करू, एकाच स्पीकरवर चालेल का?

सोल्डरवाले_काका
चालेल. गेलेल्याच्या दोन्ही वायरी काढून टोकांना टेप मार, एकमेकींना लागल्या तर शॉर्ट होईल. आता कॅबिनेट १६ चं झालं, तर हेड बंद असताना स्विच १६ वर ने. सगळी पॉवर एकट्यावर येणार म्हणून आवाज बराच खाली ठेव. रिकोन होऊन आला की परत ८ वर आणायचं विसरू नको.

महाराणी_रोड_रिपेअर
बसवताना फेज, म्हणजे दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलतात का, ते पण बघा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा, प्लस लाल टर्मिनलला, दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर त्या एकाच्या वायरी उलट करा, नाहीतर बेस गायब होतो आणि माणूस अॅम्पमध्ये फॉल्ट शोधत बसतो. हेडपासून कॅबिनेटला केबल कुठली लावता? गिटारची शिल्डवाली असेल तर बदला, तिच्या आतली तार बारीक असते, एवढ्या करंटला ती नाही. साधी दोन तारांची जाड स्पीकर वायर घ्या आणि दोन्ही टोकांना धातूचे जॅक लावा.