बास्केटबॉलमध्ये डिफेन्सला समोरचा दरवेळी निसटतो, काय करू?

डेक्कनचा गार्ड:
अकरावीत आहे, गार्ड खेळतो (चेंडू पुढे आणणारा), उंची ५ फूट ६ इंच. शॉट बरा पडतो, पण डिफेन्सला समोरचा एका डॉजमध्ये निघून जातो, नाहीतर माझा फाउल होतो. परवा तिसऱ्या क्वार्टरलाच पाच फाउल होऊन बाहेर बसलो. सर ओरडतात, "पाय हलव!" म्हणजे नेमकं काय करू? की उंचीच कमी पडते?

कोथरूडची ताई:
उंचीचं डोक्यातून काढ. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडूचा मान १९९६ ला गॅरी पेटनला मिळाला आणि २०२२ ला मार्कस स्मार्टला. दोघंही गार्ड, सव्वासहा फुटांच्या आसपासचे, म्हणजे तिथे बुटकेच.

तू बहुतेक चेंडूकडे बघतोस. चेंडू फसवतो, डोळे फसवतात, खांदेही. कंबर फसवत नाही. त्याच्या जर्सीच्या खालच्या कडेवर नजर ठेव.

मी मुलींना शिकवते तेव्हा सुरुवातीला हात पाठीमागेच धरायला लावते. डावीकडे जायचं तर उजव्या पायाने जमीन ढकलायची, डावा टाकायचा. पाय एकमेकांना चिकटले की गेलास. मांड्या पेटल्या की पोरं गुडघे सरळ करतात आणि नेमका तेव्हाच समोरचा सुटतो. कबड्डीतला कोपरा बघ, रेडर परत जाईपर्यंत ताठ उभा राहतो का?

फाउलचं म्हणशील, तर चेंडूवर वरून फटका मारू नकोस, शिट्टी वाजणारच. तळवा वर ठेवून खालून टोच.

बाणेरचा सेंटर:
ताईंशी सहमत. भर एवढीच, की मागचे आम्ही, बास्केटजवळचे सेंटर, गप्प राहिलो तर तू एकटा काय करणार? त्यांचा दुसरा खेळाडू तुझी वाट अडवायला उभा राहतो, ती स्क्रीन; "स्क्रीन डावीकडे" हे मागच्याने ओरडायलाच हवं. आणि शॉट उडाला की वर बघत बसू नकोस, आधी आपला माणूस शोधून त्याला पाठ लाव. एनबीएतला डेनिस रॉडमन ६ फूट ७ इंचांचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्यांत बुटकाच, तरी १९९२ ते १९९८ सलग सात सीझन रिबाउंडमध्ये (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात) पहिला.

डेक्कनचा गार्ड:
धन्यवाद! ताई, आमचं कोर्ट उघडं, सिमेंटचं. सरकताना पाय घसरतो.

कोथरूडची ताई:
धूळ असणार. कडेला ओलं फडकं ठेव, मधून मधून बुटांचे तळ पूस. आणि समोरच्याला मध्ये येऊ देऊ नकोस, साइडलाइनकडे रेट. तिथे त्याला एकच बाजू उरते.