भर दुपारी ऊनपाऊस, तरी इंद्रधनुष्य का नाही?

कृष्णाकाठ:
परवा वाईत दुपारी दीडच्या सुमारास कोल्ह्याचं लग्न लागलं होतं. लख्ख ऊन आणि वर टपोरी सर. दुसरीतली लेक छत्री टाकून अंगणात पळाली, मान दुखेस्तोवर चारी दिशांना बघून आली. धनुष्य नाहीच! "बाबा, ऊन आहे, पाऊस आहे, मग?" मी म्हटलं, ढगाआड असेल. तिला पटलं नाही. खरं तर मलाही नाही. शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकलं, त्यापुढची पाटी कोरी. कुणी सांगेल का?

दहिवडीचा:
आमच्याकडे मुळात पाऊसच नाही, तुमचं आपलं धनुष्याचं दुःख.

जुना मास्तर:
लेकीचा प्रश्न बरोबर आहे, चुकली ती फक्त वेळ. धनुष्य दिसायला सूर्य पाठीशी लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सूर्य क्षितिजापासून 42 अंशांपेक्षा कमी उंचीवरही हवा, हे सहसा कुणी सांगत नाही.

किरण थेंबात शिरताना वाकतो, आतल्या मागच्या भिंतीवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. थेंबावर तो कुठे पडला त्यानुसार परतीचा कोन बदलतो, पण 42 अंशांच्या आसपास किरणांची गर्दी होते. देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने एकेक किरण घेऊन हे गणित मांडलं आणि 1637 मध्ये छापलं. तांबडा सुमारे 42 अंशांवर, जांभळा 40 च्या जवळ, म्हणून तांबडा बाहेरच्या कडेला.

धनुष्याचे हे अंश मोजायचे तुमच्या डोक्याच्या सावलीपासून. हात लांब करून वीत ताणा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण 20 अंश भरतात. म्हणजे सावलीपासून दोन विता. जुलैत दीड वाजता वाईचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, सावली पायात. तिथून दोन विता मोजल्या तरी तुम्ही जमिनीवरच. पोर बघत होती आभाळात! या दिवसांत चारनंतर पूर्वेला बघा. सकाळी नऊच्या आत पश्चिमेला.

पटत नसेल तर बागेची नळी घ्या.

दहिवडीचा:
मास्तर, थट्टा सोडून विचारतो. एकदा महाबळेश्वरला दोन धनुष्यं दिसली होती. वरच्याचे रंग उलटे. बायको म्हणते मला भास झाला.

जुना मास्तर:
वहिनींना सांगा, भास नाही. त्या थेंबांत किरण दोनदा आपटतो, म्हणून रंग उलटे, धनुष्य फिकं आणि जागा 51 अंशांच्या आसपास. दोन्हींच्या मधलं आभाळ जरा काळवंडलेलं दिसतं, ते आठवतंय का?

दहिवडीचा:
आठवतंय! मला वाटलं ढगच तसा होता.

कृष्णाकाठ:
मास्तर, आज अकराला ऊन पडलं तशी नळी काढली. टाकी नुकतीच भरलेली, त्यामुळे जोर चांगला. तोंडावर अंगठा दाबून फवारा केला, सूर्याकडे पाठ. आलं की! गवतावर, पार पायाजवळून वळलेलं, जवळजवळ अख्खं कडं. आणि लगेच भांडण. मी म्हणतो ते माझ्या सावलीच्या डोक्याभोवती आहे, ती म्हणते माझ्या. शेवटी तिने मला बाजूला ढकललं आणि माझ्या जागेवर उभी राहिली, तर तिथेही तिच्याच डोक्याभोवती!

जुना मास्तर:
दोघंही खरं बोलताय. तुमच्या डोळ्यात येणारा रंग ज्या थेंबांतून येतो, ते थेंब वेगळे, तिचे वेगळे.

कृष्णाकाठ:
हे सांगितलं तिला. आता नळी सोडत नाहीये.