मदत हवी आहे: जिबूतीतल्या डासांबद्दल

जिबूती या पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या देशात मे २०२४ मध्ये जनुकीय बदल केलेले ॲनोफिलीस स्टेफेन्सी या मलेरिया पसरवणाऱ्या जातीचे नर डास सोडले. नर चावत नाहीत, आणि त्यांच्यापासून झालेल्या माद्या मोठ्या होण्याआधीच मरतात. स्टेफेन्सी म्हणजे आपल्या मुंबईत गच्चीवरच्या उघड्या टाकीत, बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो तोच! जिबूतीत तो २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला; त्या वर्षी मलेरियाचे जेमतेम २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर गेले. म्हणून हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

कीटकशास्त्रातलं कुणी आहे का इथे? नर सोडणं थांबवलं की ते जनुक किती पिढ्या टिकतं? आणि टाक्यांना घट्ट झाकणं बसवण्यापेक्षा हे खरंच परवडतं का? सोसायटीतल्या मुलांना सांगायचंय, जरा सोप्या भाषेत समजावा ना.