अनुभव धागा : चर्चच्या प्राथमिक शाळेत आगमनकाळापासून पहिल्या परमप्रसादापर्यंत

पानवेल (धागाकर्ती)

दिवाळीची सुट्टी संपली की वसईतल्या चर्चलगतच्या मराठी प्राथमिक शाळांत कामांची रांग लागते. बालदिन, आगमनकाळ (नाताळाआधीचे साधारण चार आठवडे), येशूजन्माचा गोठा, नाताळचा कार्यक्रम, खेळ, 26 जानेवारी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संत गोन्सालो गार्सियांचा सण, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बऱ्याच धर्मग्रामांत (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) पहिला परमप्रसाद, म्हणजे मुलांनी उपासनेतली अभिषेक केलेली भाकर पहिल्यांदा घेणं. दरवर्षी नवे पालक, नव्या बाई येतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतात. ज्यांनी ही कामं हाताने केली आहेत त्यांनी इथे लिहावं. आठवणी नकोत, माप हवं : किती दिवस आधी, किती सामान, काय बिघडतं आणि का. शाळेचं किंवा व्यक्तीचं नाव कृपया नको.

बावखल

गोठ्यापासून सुरू करते, कारण त्यातल्या हिरवळीला पुढे-मागे करता येत नाही.

गोठ्यातलं शेत गव्हाचं केलं तर पेरणी कार्यक्रमाच्या आठ ते नऊ दिवस आधी. गहू 12 तास भिजवायचा, ओल्या फडक्यात बांधून एक दिवस ठेवायचा, मोड दिसले की ट्रेमध्ये पसरायचा. एक फूट लांब, एक फूट रुंद ट्रेला दीडशे ग्रॅम गहू पुरतो. खाली दीड इंच माती आणि कोकोपीट अर्धंअर्ध. पहिले दोन दिवस गोणपाटाने झाकायचं, मग उजेडात. कार्यक्रमाच्या दिवशी चार-पाच इंचांची सरळ हिरवी पात मिळते. त्याहून आधी पेरलं तर पात लोळते आणि टोकं पिवळी पडतात. भात घ्यायचा असेल तर जवळजवळ दोन आठवडे धरा, डिसेंबरच्या थंड रात्रींत तो हळू वाढतो.

बिघाड बहुतेक वेळा पाण्याचा. प्रत्येक मूल प्रेमाने पाणी घालतं, ट्रेमध्ये साचतं, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी येते आणि वास सुटतो. ट्रेला खाली भोकं पाडा, स्प्रेची एकच बाटली ठेवा, रोज दोनच मुलांची पाळी लावा. पाळीचा तक्ता भिंतीवर हवा, नाहीतर शनिवार-रविवार कोणीच घालत नाही.

डोंगर आणि गुहेसाठी कोंबडीच्या जाळीवर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने तीन थर. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावला की आतून कुजतो. जुनी माणसं खळीत मोरचूद घालायला सांगतात, म्हणजे झुरळं-उंदीर लागत नाहीत. शाळेत अजिबात घालू नका. ते विष आहे आणि पहिली-दुसरीची मुलं बोटं तोंडात घालतात. थोडी तुरटी पुरते, आणि रात्री गोठ्याजवळ खाऊचा कण ठेवायचा नाही.

सुरूबन

बावखल ताईंच्या गोठ्याला विजेची जोड.

पेंढा आणि दिवा एकत्र आले की धोका आहे, हे सगळ्यांना माहीत असूनही दरवर्षी तीच चूक होते : माळेचा जोड पेंढ्याखाली लपवला जातो, कारण तो दिसायला वाईट. जोड आणि ॲडॉप्टर नेहमी गोठ्याच्या बाहेर, लाकडी फळीवर. 12 व्होल्टच्या एलईडी माळा घ्या. पिवळा उजेड हवा म्हणून जुना बल्ब लावू नका, पिवळसर एलईडी मिळतो. वाळूने भरलेली बादली शेजारी, आणि शाळा सुटताना प्लग काढायची जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर. आपल्याकडे समुद्रकाठच्या सुरूच्या फांद्या ख्रिसमस ट्री म्हणून आणतात. सुरू आठवड्यात वाळतो आणि वाळला की भडकन पेटतो. ओल्या वाळूच्या बादलीत रोवून रोज पाणी घातलं तर आठ-दहा दिवस टिकतो. त्याला मेणबत्ती कधीच बांधायची नाही.

आगमनकाळाच्या चक्रात, म्हणजे पानांच्या गोल कड्यात, चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. शाळेत त्या-त्या रविवारची मेणबत्ती सोमवारच्या परिपाठाला लावतात. पेटवायचं काम बाईंचं, मुलाने फक्त रविवारचा क्रम सांगायचा. चक्राला अशोकाची पानं लावली तर ती चार दिवसांत करपतात. क्रोटनची पानं जास्त टिकतात, आणि ती जवळजवळ प्रत्येक वाडीत असतात.

रहाट

नाताळच्या नाटिकेबद्दल.

प्राथमिकच्या मुलांची नाटिका 12 ते 15 मिनिटांची. त्यापुढे छोटी देवदूत मंचावर बसकण मारतात. वर्गात 40 मुलं असतील तर 40 भूमिका काढायच्या, मूल घरी बसवायचं नाही. मारिया, योसेफ, सरायवाला, तीन ज्ञानी पुरुष, सहा-आठ मेंढपाळ, बाकी देवदूत, मेंढरं आणि तारे. लूकच्या दुसऱ्या अध्यायातले मेंढपाळ आणि मत्तयच्या दुसऱ्या अध्यायातले ज्ञानी पुरुष एकाच दृश्यात आणण्याची प्रथा आहे. मुलांना निदान वर्गात सांगा की या दोन वेगळ्या शुभवर्तमानांतल्या गोष्टी आहेत. चौथीच्या मुलांना ते व्यवस्थित कळतं.

आवाज हा मुख्य प्रश्न. मंचावर टांगलेले माईक पायांचा आवाज जास्त पकडतात, बोलणं कमी. खरी सोय अशी : बाजूला स्टँडवर दोन माईक, चार निवेदक मुलं, आणि मंचावरच्यांनी फक्त हालचाल करायची. निवेदक तिसरी-चौथीतले घ्या, एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त नको. आधी रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा मोह होतो, पण एक मूल चुकलं की रेकॉर्डिंग थांबत नाही आणि सगळी नाटिका घसरते. माणूस वाचत असला तर थांबू शकतो.

पंखांसाठी थर्माकोल नको, राज्यात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. खोक्याचा पुठ्ठा, वर पांढरा कागद, पाठीवर फुलीच्या आकारात एक इंची इलॅस्टिक. दुसरीच्या मुलाला टोकापासून टोकापर्यंत 45 सेंटिमीटर पुरे. मोठे पंख विंगेतून बाहेर येताना एकमेकांत अडकतात आणि रांग तिथेच थांबते. मेंढपाळाला डोक्याला पंचा आणि खांद्यावर घोंगडी. भाड्याचे पोशाख घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. ज्या घरी पैसे नाहीत तिथे ते भाडं टोचतं आणि मूल त्या दिवशी आजारी पडतं. घरातली जुनी लुगडी, धोतरं शाळेने एका पेटीत जमवून ठेवावीत.

मोगरा

गाण्यांच्या तालमीत एकच गोष्ट सुधारली तरी निम्मं काम होतं : पट्टी. चर्चचे गायकवृंद मोठ्यांच्या सोयीच्या पट्टीत गातात, तीच पट्टी मुलांना दिली की ती कुजबुजतात किंवा किंचाळतात. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचा सोयीचा आवाज साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (C) वरच्या पांढरी दोनपर्यंत (D). पेटीवर गाण्याचा सर्वात खालचा आणि सर्वात वरचा सूर आधी शोधा, ते या हद्दीत बसतील अशी पट्टी ठरवा, मगच शिकवायला घ्या.

तीन गाणी पुष्कळ. दोन प्रमाण मराठीत, एक आपल्या बोलीत, सामवेदी किंवा वाडवळी. बोलीतलं गाणं आजी-आजोबा रांगेतून गुणगुणतात आणि मुलांची भीती जाते. रोज वीस मिनिटं, दुपारच्या सुट्टीनंतर लगेच नको. जेवलेली मुलं वरचा सूर घेत नाहीत.

वाडीकर

आगमनकाळात वृद्धाश्रमासाठी घरोघरून 'मूठभर तांदूळ' जमवतात, त्याची व्यवस्था नीट लागत नाही. प्रत्येक घरचा तांदूळ वेगळा, कोलम, जाडा, उकडा. एका पिंपात ओतले की तो भात एकसारखा शिजत नाही, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ते नकोसं होतं. शिवाय एका घरच्या तांदळातले पोरकिडे आठवड्यात सगळ्यात पसरतात.

उपाय : आश्रमाला आधी फोन करून काय हवं ते विचारा, आणि इयत्तेला एक वस्तू द्या. पहिलीला अंगाचा साबण, दुसरीला तूरडाळ अर्धा किलोच्या बंद पाकिटात, तिसरीला चहा-साखर, चौथीला कपड्यांचा साबण. कोणी काय आणलं याची यादी फळ्यावर लावू नका. खोकं वर्गाच्या दाराआड ठेवा, ज्याच्याकडे नाही त्याने काही न टाकता पुढे जावं.

केवडा

सगळ्यात महत्त्वाचं माझ्या मते निरोपाचं आहे. आपल्या शाळांत बिगरख्रिस्ती मुलं भरपूर असतात, कित्येक ठिकाणी जास्तच. कार्यक्रमाची सूचना रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) देवळात वाचली की आपल्याला वाटतं झालं. ती फक्त त्या धर्मग्रामातल्या घरांना पोचते. बाकीच्या पालकांना आदल्या रात्री दुसऱ्याच्या फोनवरून कळतं की उद्या पांढरा सदरा हवा. निरोप आधी मुलांच्या डायरीत, मग व्हॉट्सॲप गटावर, सर्वात शेवटी देवळात. या क्रमाने, आणि किमान दहा दिवस आधी.

दुसरं, संमतीचं. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून मिस्सा आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. मिस्सा सकाळी ज्यांना यायचं त्यांच्यासाठी, नाटिका आणि गाणी नंतर सगळ्यांसाठी. धर्मशिक्षणाच्या तासाला इतर मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास खरोखर घ्यावा, त्यांना व्हरांड्यात बसवून ठेवू नये. ही घडी नीट असली की हिंदू, मुस्लिम, जैन घरांतून मदत आपणहून येते. गोठ्याचा बांबू कापायला येणारे हात नेहमी कॅथलिकच असतात असं नाही.

पानवेल

केवडा ताई, वेळा वेगळ्या ठेवण्याचा मुद्दा सर्व शाळांनी उचलावा असा आहे. खेळांबद्दल कोणी लिहील का?

तिवर

थोडक्यात. डिसेंबरमध्येही दहानंतर ऊन चढतं, स्पर्धा सकाळी आठ ते साडेदहा. मैदानावरच्या रेषा फक्कीने आखा, चुन्याने नाही. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो आणि पळताना पडलेलं मूल नेमकं त्याच हाताने डोळे चोळतं. पहिली-दुसरीला धावण्याची शर्यत 50 मीटरपर्यंत, अंतिम रेषेपलीकडे दहा मीटर मोकळी जागा आणि तिथे पालक उभे नकोत. लिंबू-चमच्याची शर्यत गोंगाट वाढवते, पण सगळ्यांना भाग घेता येतो, म्हणून ठेवावी. पाण्याची पिंपं दोन टोकांना दोन.

शेवगा

पहिल्या परमप्रसादाच्या तयारीत तीन गोष्टी अडतात.

एक, बाप्तिस्म्याचा दाखला. मुलाचा बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल, मुंबईत, गोव्यात किंवा आखातात, तर दाखला मागवायला वेळ लागतो. वर्ग सुरू होतानाच मागा. नावातली स्पेलिंगची चूक तेव्हाच दुरुस्त होते, समारंभाच्या आठवड्यात होत नाही.

दोन, उपवास. परमप्रसादाआधी एक तास काही खायचं नाही एवढाच नियम आहे, पाणी आणि औषध चालतं. घरची मंडळी मात्र मुलाला पहाटेपासून उपाशी ठेवतात. मग जाड पोशाख, गर्दी, उकाडा, आणि रांगेत मूल चक्कर येऊन पडतं. पालकसभेत हे स्पष्ट सांगा : मिस्सा साडेआठला असेल तर सातला पोटभर न्याहारी द्या.

तीन, मेणबत्ती. मुलींच्या डोक्यावरची जाळी नायलॉनची असते आणि ज्योत लागताच ती वितळून चिकटते. मेणबत्त्या फक्त बाप्तिस्म्याच्या वचनांच्या नूतनीकरणापुरत्या पेटवाव्यात, पुठ्ठ्याची चकती घालून, आणि दोन मुलांमध्ये हातभर अंतर ठेवून. बाकीच्या वेळी विझवलेल्या असाव्यात.

तालमीत अभिषेक न केलेले होस्तिया (परमप्रसादाच्या भाकरीच्या पातळ चकत्या) देऊन मुलांना चव आणि गिळण्याची सवय करून द्या. पहिल्यांदाच तोंडात चिकटला की काही मुलं घाबरतात. एखाद्या मुलाला गव्हाचा त्रास (सिलिॲक) असेल तर फादरांना आधी कळवा, अत्यल्प ग्लुटेनचे होस्तिया मागवावे लागतात. तांदळाचा होस्तिया चालत नाही. तो गव्हाचाच असावा लागतो.

नारळीबाग

संत गोन्सालोंच्या सणाला प्राथमिकची मुलं काय करू शकतात, हे अनेक शाळा विचारतात. गोन्सालो हे वसईत जन्मलेले, पहिले भारतीय संत. जपानमध्ये नागासाकीला 5 फेब्रुवारी 1597 रोजी इतर पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारण्यात आलं, आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं. लहान मुलांसमोर क्रुसावरच्या मृत्यूचं दृश्य उभं करण्यापेक्षा जपानपर्यंतच्या प्रवासाचा नकाशा उत्तम चालतो. सहा फूट कापडावर वसई, मकाव, मनिला, नागासाकी ही ठिकाणं, आणि मुलं कागदी जहाज दोरीवरून पुढे सरकवतात. निवेदन दहा मिनिटांत होतं. वसई किल्ल्याची सहल जोडायची असेल तर दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि पडक्या चर्चच्या भिंतींवर चढू द्यायचं नाही, दगड सुटे आहेत.

बावखल

उतरवण्याचं राहिलं. नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो, तेव्हा गोठा उतरवा. पेंढ्यावर चमकी किंवा रंग मारला असेल तर तो गुरांना घालू नका, खतातही नको. म्हणूनच चमकी वापरायचीच नाही, हे सुरुवातीला ठरवावं. मूर्ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या तर पावसाळ्यात आत पाणी सुटून प्लास्टरचा रंग सोलतो. सुती फडक्यात गुंडाळा, खोक्यावर काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा, खोकं जमिनीपासून वर फळीवर ठेवा. मोडलेल्या मूर्तींची आणि संपलेल्या सामानाची यादी मुख्याध्यापिकांच्या फाइलला लावा. ऑक्टोबरमध्ये ती काढली की खरेदीला पुरेसा वेळ मिळतो.