आगमनकाळाचे चक्र आणि हॅम्बर्गचे ‘राउहेस हाउस’

प्रश्न (मडगाव)

आमच्या वाड्यावरच्या इगर्जीत (चर्चमध्ये) नाताळाआधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळात, वेदीपाशी हिरव्या फांद्यांचे एक कडे, म्हणजेच आगमनकाळाचे चक्र, ठेवलेले असते. त्यावर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी त्यांतली एक अधिक पेटवली जाते. गेल्या डिसेंबरात शेजारणीबरोबर गेले होते, तेव्हा फादरनी सांगितले की ही प्रथा मुळात कॅथलिक नसून जर्मनीतल्या एका लुथरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) अनाथालयातून आलेली आहे. ते खरोखर अनाथालय होते का, आणि त्या कामाचे पुढे काय झाले, हे कोणी नीट सांगेल का?

उत्तर १ (फोंडा)

फादरनी सांगितले ते खरे आहे, मात्र ‘अनाथालय’ हा शब्द थोडा अपुरा पडतो. योहान हिनरिख विखर्न या लुथरन धर्मशास्त्राच्या पदवीधराने वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८३३ मध्ये, हॅम्बर्गजवळच्या हॉर्न गावातील एका जुन्या, गवताने शाकारलेल्या घरात आईला सोबत घेऊन ‘राउहेस हाउस’ ही संस्था सुरू केली. रविवारच्या शाळेत शिकवताना शहरातील गरीब वस्त्यांमधली घरे त्याने आतून पाहिली होती. आईबाप असूनही रस्त्यावर वाढणारी, चोरीमारी करून पकडली गेलेली मुले त्याच्याकडे आली आणि वर्षअखेर त्यांची संख्या बारा झाली.

त्या काळी अशा मुलांची रवानगी तुरुंगवजा सुधारगृहात होत असे. विखर्नने मात्र भिंत, कुलूप आणि गज यांना फाटा दिला. आलेल्या मुलाला मागचे सारे माफ झाल्याचे तो पहिल्याच दिवशी सांगे. दहा-बारा मुलांचे एक ‘कुटुंब’ करून त्यांच्याबरोबर राहणारा एक ‘भाऊ’ नेमला जाई आणि शिक्षणाबरोबर शिवणकाम, चांभारकाम, सुतारकाम शिकवले जाई. मला स्वतःला या संस्थेची खरी देणगी म्हणजे ते भाऊच वाटतात, कारण त्यांच्या प्रशिक्षणातूनच सेवाकार्याचा एक व्यवसाय उभा राहिला.

चक्राची गोष्ट १८३९ ची. नाताळाला किती दिवस राहिले, असे मुले सारखी विचारत, म्हणून विखर्नने लाकडी चाकावर दिवसागणिक एक मेणबत्ती बसवली. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता, त्यामुळे रविवारच्या मोठ्या पांढऱ्या चार आणि इतर दिवसांच्या लहान लाल वीस, अशा चोवीस मेणबत्त्या झाल्या. आपण पाहतो त्या चारच राहिल्या; कॅथलिक इगर्जींत ही प्रथा विसाव्या शतकात पोहोचली.

उत्तर २ (म्हापसा)

माझी धाकटी बहीण जर्मनीत एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. तिच्या गणवेशावरचे ‘डियाकोनी’ हे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या सेवासंस्थेचे नाव याच परंपरेतले. १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी विटेनबर्ग येथील चर्चच्या मेळाव्यात विखर्नने बोलून दाखवले की गरिबांची सेवा हे चर्चचे स्वतःचे काम आहे, आणि त्यातून विखुरलेल्या संस्थांना जोडणारी ‘इन्नेरे मिशन’ची (देशातल्या देशातच करायच्या सेवाकार्याची) मध्यवर्ती समिती निघाली. तिच्यात लुथरनांबरोबर इतर प्रोटेस्टंटही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, निर्वासितांना अन्न आणि कपडे पुरवण्यासाठी चर्चने वेगळी मदतसंस्था काढली, तिच्याशी १९५७ मध्ये ही जुनी संस्था जोडली गेली आणि आजच्या डियाकोनीची घडण झाली. तिच्याकडे आज सहा लाखांहून अधिक कर्मचारी आहेत. आपल्याकडे गोव्यात प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेचे वृद्धाश्रम सरकार स्वतः चालवते. जर्मनीत खर्चाचा मोठा वाटा विमा व सरकार उचलते आणि चालवण्याचे काम अशा संस्थांकडे असते.

उत्तर ३ (फोंडा, पुन्हा)

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती वगळून हा इतिहास सांगणे मला योग्य वाटत नाही. १९३१ मध्ये ट्रेझा येथील परिषदेत इन्नेरे मिशनच्या तज्ज्ञांनी मनोरुग्ण व अपंगांच्या नसबंदीला, ऐच्छिक म्हणून का होईना, मान्यता दिली. नाझी राजवटीने ती कायद्याने सक्तीची केली, आणि १९४० पासून चर्चच्या आश्रमांतले रुग्णही मारण्यासाठी नेले जाऊ लागले. लोबेटालच्या आश्रमाचे प्रमुख पाउल गेरहार्ड ब्राउने यांनी या हत्यांची माहिती जमवून जुलै १९४० मध्ये सरकारकडे लेखी निषेध नोंदवला. ऑगस्टमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना अटक केली.

प्रश्नकर्ती (मडगाव)

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेजारणीला मी चोवीस मेणबत्त्यांचा हिशेब सांगितला, तेव्हा ती लगेच पंचांग काढून या वर्षी किती लागल्या असत्या हे मोजायला बसली. ब्राउने यांच्याविषयीही मी तिला सांगणार आहे.