१०८ मेगापिक्सेलपेक्षा माझा जुना १२ चाच चांगला येतोय, मग नव्या फोनचा कॅमेरा पारखायचा कसा?

पारिजात:
मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे गूगलचा पिक्सेल ४ए आहे, २०२० मध्ये घेतलेला. अपडेट २०२३ ला थांबले, १२८ जीबी पार भरलंय आणि कार्ड टाकायची सोय नाही, म्हणून आता बदलायचाच आहे. बजेट ४० हजार, फार तर दोन-तीन वर. गोंधळ असा झालाय की धाकट्या भावजींनी नुकताच नवा फोन घेतला (कंपनीचं नाव घेत नाही), पाठीवर मोठ्ठं १०८ मेगापिक्सेल छापलेलं, आणि बारशाला आम्ही शेजारी शेजारी उभं राहून फोटो काढले तर घरात सगळ्यांना माझेच आवडले. त्यांच्या फोटोत बाळाची आत्या गोरीपान झालीये, ती चांगली सावळी आहे आणि तशीच छान दिसते, आणि पाळण्याच्या झेंडूच्या माळा म्हणजे नुसता केशरी गोळा, पाकळी म्हणून दिसत नाही. मग एवढ्या वर्षांत कॅमेरे पुढे गेले म्हणतात ते कुठे गेले?
माझा वापर म्हणजे घरात ट्यूबलाइटमधले फोटो, मुलगा सहा वर्षांचा आणि एका जागी थांबत नाही, शाळेचं गॅदरिंग, आणि सगळ्यात महत्त्वाचं पैठण्या. मी ऑनलाइन विकते, रंग जरा इकडेतिकडे झाला तरी साडी परत येते.

रानवाटा:
आयफोन १३ बघा. २०२१ चा आहे, मागे १२ मेगापिक्सेलच, तरी व्हिडिओला या बजेटमध्ये मला त्याच्या तोडीचं काही दिसलं नाही. ॲपलने आयफोन ६एस पासून मुख्य कॅमेरा १२ वरच ठेवला होता, ४८ आला तो थेट २०२२ च्या १४ प्रो मध्ये. मेगापिक्सेलवर फोटो ठरला असता तर मधली सगळी वर्षं ते फोन विकलेच गेले नसते.

सेन्सरवेडा:
पारिजात ताई, तुम्ही शेजारी उभं राहून काढले हेच बरोबर केलंत, कारण एक फोटो गच्चीत दुपारचा आणि दुसरा हॉलमध्ये रात्रीचा घेऊन तुलना करण्यात काही अर्थ नसतो. आता १०८ चं सांगतो. तो फोन रोजच्या मोडमध्ये १०८ चा फोटो काढतच नाही, शेजारचे नऊ पिक्सेल, म्हणजे फोटोतले ठिपके, मिळून एक करतो, म्हणजे हातात येतो १२ मेगापिक्सेलचा फोटो. तुमचाही १२.२ चा. २०० वाले सोळा मिळून एक करतात, पुन्हा साडेबाराच. म्हणजे घरातल्या उजेडात त्या छापील आकड्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.
मग बघायचं काय, तर आधी सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार. तो १/२.५५ इंच असा लिहितात, खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. तुमच्या ४ए चा १/२.५५, शाओमी १३ अल्ट्रासारख्या महागड्या फोनचा १ इंची, आणि त्या दोघांच्या क्षेत्रफळात जवळपास पाचपट फरक आहे. मोठा सेन्सर म्हणजे जास्त उजेड गोळा. पण गंमत बघा, भावजींच्या फोनचा सेन्सर बहुधा तुमच्यापेक्षा मोठाच असणार, आणि तरी तुमचा फोटो सरस आला, कारण अर्धं काम सॉफ्टवेअर करतं. गूगलचं एचडीआर प्लस बटण दाबलं की एक फोटो न घेता मुद्दाम थोडे अंधारे असे बरेच फोटो घेतं आणि ते जुळवून एक करतं, त्यामुळे लाल-केशरी रंग जळत नाहीत. तुमच्या झेंडूच्या पाकळ्या तिथे वाचल्या. दुसऱ्या फोनने उजेड चढवून टाकला, लाल रंगाची मर्यादा संपली की सगळ्या पाकळ्या एकाच रंगाच्या होतात, मग नंतर कितीही एडिट करा, जे नोंदलंच नाही ते परत येत नाही.
आणि आत्याच्या रंगाबद्दल मला खरंच राग येतो. चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड बंद केला तरी काही फोन चेहरा उजळतातच, जणू सावळं असणं म्हणजे फोटोतली चूक. माणूस जसा आहे तसा दाखवणं हे कॅमेऱ्याचं पहिलं काम आहे, बाकीचं नंतर. गूगलने २०२१ ला पिक्सेल ६ पासून रिअल टोन म्हणून यावर मुद्दाम काम केलं. दुकानात गेलात की घरातल्या सावळ्या माणसाला सोबत न्या आणि त्याचा फोटो काढा, आणि त्या माणसालाच विचारा.

मालवणी_गजाली:
नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू कोणाला आठवतो का? २०१२, ४१ मेगापिक्सेल, १/१.२ इंची सेन्सर आणि खरा झेनॉन फ्लॅश! तेव्हाच ते बरेच पिक्सेल मिळून ५ मेगापिक्सेलचा फोटो द्यायचे. आज जे नवीन म्हणून विकतायत ते त्या फोनने सिम्बियनवर, म्हणजे अँड्रॉइडच्या आधीच्या जुन्या सिस्टिमवर, केलेलं आहे. काकाकडे होता, गावच्या दशावतारात मशालीच्या उजेडातले त्यातले फोटो अजून सुंदर दिसतात. पण कोणी पळालं की संपलं, तिथे आजचे फोन कितीतरी पुढे.

उंबरठा:
सेन्सरवेडा यांचं सगळं पटलं, फक्त एक राहिलं. तुलना दोन वेगवेगळ्या स्क्रीनवर करू नका. नवीन फोनची स्क्रीन भडक मोडवर असते, त्यावर कुठलाही फोटो खुलतो, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवरून तर काहीच ठरवू नका, तो दाबून बारीक केलेला असतो. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे पण तोही मूळ फोटो नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या आणि दोन्ही एकाच लॅपटॉपवर उघडा. अजून एक, पहिल्या नजरेला उजळ फोटोच चांगला वाटतो. मार्केस ब्राउनली हा यूट्यूबर फोनची नावं लपवून लोकांची मतं घेतो, २०१८ पासून, त्यात हे स्वच्छ दिसलं की जरा जास्त उजेडाचा फोटो भरपूर मतं खातो. म्हणून झूम करून केस, भुवया, साडीची जर बघा, तिथे खरं कळतं.
आणि हो, जुन्या फोनची काच पुसून घ्या आधी. खिशात घासून चरे पडले असतील तर दिव्यांभोवती धूसर वलय येतं, तो दोष कॅमेऱ्याच्या माथी मारू नका.

रानवाटा:
+१. आणि २ मेगापिक्सेलचे मॅक्रो, डेप्थ असले कॅमेरे मोजूच नका, पाठीवर गोल वाढवायला दिलेले असतात. मुख्य कॅमेरा, अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य घेणारा) आणि असलाच तर टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारा), एवढेच मोजा.

सेन्सरवेडा:
पैठणीचं राहिलं होतं. काठ जवळून घ्यायचा तर मोठ्या सेन्सरचे बरेच फोन अगदी जवळून फोकस करत नाहीत, काही तर आपोआप अल्ट्रावाइडवर उडी मारतात आणि रंगही बदलतो. थोडं लांब जाऊन २एक्सवर घ्या, मोर सरळ येतील. खिडकीचा उजेड असेल तर ट्यूब बंदच करा, दोन तऱ्हेचा उजेड एकत्र आला की कुठलाच फोन रंग नीट पकडत नाही.
मुलाच्या फोटोसाठी फोटो उघडून वर सरकवा, माहिती येते, त्यात शटर स्पीड बघा, म्हणजे फोटोसाठी सेकंदाचा किती भाग उजेड घेतला ते. १/२० असेल तर पळणारं पोर धूसरच येणार, १/१०० च्या आसपास असेल तर बऱ्यापैकी थांबतं. ओआयएस (लेन्स हलवून फोटो स्थिर ठेवायची सोय) तुमचा हात हलण्यावर उपाय आहे, मुलगा हलण्यावर नाही.

पारिजात:
खूप खूप आभार सगळ्यांचे! काल संध्याकाळी सासूबाईंना घेऊन दुकानात जाऊन आले, पिशवीत वांगी रंगाची पैठणी. दुकानातल्या झगझगीत उजेडात सगळेच फोन सारखे दिसत होते म्हणून जिन्याखालच्या कोपऱ्यात गेले, दुकानदार दादांनी काही हरकत घेतली नाही. एका फोनने वांगी रंगाचा सरळ निळा केला, जरीची झाली पिवळी पट्टी. पिक्सेल ८ए ने वांगीच ठेवला, पदरावरच्या मोराच्या मानेतला हिरवा धागा सुद्धा वेगळा दिसला. सासूबाई स्वतःचा फोटो बघून म्हणाल्या, ही मी आहे, ती दुसऱ्या फोनमधली कोण बाई होती. मुलाला जिन्यावरून पळवलं, ८ए वर १/९० का काहीतरी होतं, डोळे नीट आले.
आता प्रश्न एवढाच की ८ए घेऊ की ९ए? नवीन आहे म्हणून ९ए चा कॅमेरा चांगला असेल ना? आणि गॅदरिंगचं काय, आम्हाला जागा कायम मागे मिळते.

सेन्सरवेडा:
नवीन म्हणून चांगला असं नाही. ८ए २०२४ चा, ६४ मेगापिक्सेल आणि सेन्सर १/१.७३ इंच. ९ए २०२५ चा, ४८ मेगापिक्सेल आणि सेन्सर १/२ इंच, म्हणजे लहान. दोघांनाही सात वर्षं अपडेट. ९ए ची बॅटरी मोठी आहे, मागचा कॅमेऱ्याचा उंचवटाही जवळपास गेलाय, त्यासाठी घ्यायचा तर घ्या. तुमची साडी आणि सासूबाई ज्याच्यावर पास झाल्या तोच मी घेईन, स्वस्त मिळाला तर दुधात साखर.
गॅदरिंगला मात्र दोन्ही कमी पडतील, कारण टेलिफोटो नाही. मागच्या रांगेतून स्टेज हवं असेल तर गॅलॅक्सी एस२३ सारखा ३एक्स टेलिफोटोवाला बघावा लागेल, सेलमध्ये मिळाला तर. पण वर्षातून एकदाच्या गॅदरिंगसाठी रोजच्या साड्यांचा रंग पणाला लावू नका, त्या दिवशी मधल्या वाटेने पुढे जा. आणि स्टेजचे फोटो काढताना आडवे काळे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्या आकड्यांवर सहसा पट्टे येत नाहीत. फक्त ८ए च्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये शटर हाताने बदलता येत नाही, त्यासाठी प्ले स्टोअरवरून ओपन कॅमेरा टाकून घ्या, फुकट आहे.

पारिजात:
ठरलं, ८ए. शनिवारी आणते. भावजींना हा धागा पाठवलाय, ते आधी ब्यूटी बंद करून बघतायत.